बाहेरचा जिना

रेवदंडा, ता. ७ डिसेंबर १९५८

चि. सौ. कमळ हीस आईचे आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. मुंबईत थंडी पडली हे वाचून मी काय करू? मी विचारलं होतं, कधी येतेस. त्याचं उत्तर तू तळाशी कोंबलंस: ‘भुऱ्याला टाकून येता येत नाही.’

मी इतकी खुळी नाही. हिरामण जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, आणि त्याला एक कुत्रं चार दिवस ठेवायला जागा मिळत नाही? ज्या शब्दाने तुला दारातून परत पाठवलं, तोच उचलून तू आमच्या पदरात टाकलास. बापाची लेक शोभतेस खरी.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी काय पाहिलं तेवढं लिहिते, तू काय पाहिलंस ते तू जाण. रजिस्टर लग्न करून तुम्ही दोघं शिमग्याच्या आदल्या दिवशी आलात. मी दाराच्या आत भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. हिरामणच्या काखेत मागच्या पायाला पट्टी बांधलेलं ते कुत्रं, भुऱ्या. हे ओटीवर आले आणि तुझ्याकडे न बघता म्हणाले, “कुत्र्याला घेऊन ह्या घराची पायरी चढायची नाही.” हिरामण बिचारा सरळ माणूस. त्याने विचारलं, “मंग याला त्या माडाला बांधू काय?” ह्यांनी उत्तर दिलं नाही. तू हिरामणचा हात धरलास आणि वळलीस. तुकडा ओवाळायचा राहिला. संध्याकाळी मी तो परसात टाकला, कावळ्यांनी नेला.

तुझे तात्या कसे आहेत हे तुला सांगायला नको. जन्मभर अलिबागच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहिले. कागदावर आलेला शब्द आणि तोंडातून गेलेला शब्द त्यांच्या लेखी सारखेच. फिरवायचा नाही. फार तर त्यात फट शोधायची.

तर तुझं कार्ड मी देव्हाऱ्यामागे ठेवलं होतं. दुपारी पाहिलं तर उलटं. दुसऱ्या दिवशी काळूराम सुतार फूटपट्टी घेऊन दारात हजर. माडीला बाहेरून जिना काढायचा म्हणे. मी म्हटलं, “आतून आहे की जिना.” तर हे म्हणाले, “माडी रिकामी पडली आहे. मुंबईची माणसं हवा खायला येतात, पोर्तुगीजांचा कोट बघायला येतात, त्यांना भाड्याने देऊ. परकी माणसं आपल्या घरातून ये-जा करणार का?”

जिना परसाच्या अंगाने येतो आहे. म्हणजे माडीवर जायला ओटीची पायरी चढावी लागणार नाही. मी फक्त सांगते आहे.

तुझी आई

ता. क. – मी पाकीट शोधायला आत गेले तेवढ्यात माझे राहिलेले अनुस्वार कोणीतरी लाल शाईने भरले आहेत. घरात माणसं दोनच. त्यांच्याच तोंडचं तुला सांगते: दस्तात खाडाखोड केली तर शेजारी लिहिणाऱ्याची सही हवी, नाहीतर ती धरत नाहीत. इथे सही नाही. तेव्हा तूही धरू नकोस.


रेवदंडा, ता. २२ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. कमळ हीस आशीर्वाद.

जिना झाला. काळूराम वैतागून गेला, कारण ह्यांनी त्याच्याकडून पायऱ्या दोनदा करून घेतल्या. पहिल्या उंच झाल्या म्हणे. तो मला म्हणाला, “नीराबाय, मानूस चढायचाय का कोंबडी? असला बुटका जिना म्या जल्मात केला न्हाय.” ह्यांना विचारलं तर, “भाडेकरूंत म्हातारी माणसं असतात.” असतात ना. पण कठड्याच्या खालच्या फटी पट्ट्या मारून बंद केल्या आहेत, त्या कुठल्या म्हाताऱ्यासाठी? भुऱ्याचा मागचा पाय अजून अधू आहे का, ते कळव. मी आपली सहज विचारते.

माडीवर आता दोन खाटा, एक मोरी, एक स्टोव्ह आणि खिडकीखाली भिंतीत लोखंडी कडी. खिडकीतून माड-पोफळींच्या डोक्यावरून सातखणी बुरूज दिसतो, हे तुला माहीतच आहे. लहानपणी तू तिथे बसून पाढे पाठ करायचीस आणि चुकायचीस.

मंगळवारी फाटकावर पाटी लागली. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात, ह्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात: ‘पाळीव जनावरांसह राहण्याची सोय. चौकशी आत.’ कुत्र्याची शेपटी धोतराला लागली तर विहिरीवर जाऊन चार बादल्या ओतून घेणारा माणूस हा! मी हसले, तर म्हणाले, “मुंबईकरांकडे कुत्री असतात. कोणी घेत नाही त्यांना. जे कोणी करत नाही त्यातच धंदा असतो.” इतकं बोलले म्हणजे पाठ करून ठेवलं असणार.

खोलीत नियम लावले आहेत. एक नमुना देते: ‘सदर कुत्र्याने रात्री विनाकारण भुंकू नये. भुंकल्यास त्याचे कारण मालकाने सकाळी कळवावे.’

अजून कोणी आलेलं नाही. आलं तर लिहीन. तुझं पत्र पौषात आलं होतं त्यानंतर नाही. बिरड्याला वाल काढून ठेवले आहेत, अलिबागचा पांढरा कांदाही येईल आता. कोणाबरोबर पाठवू तेवढं लिही.

तुझी आई


रेवदंडा, ता. १४ ऑगस्ट १९५९

चि. सौ. कमळ हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पान भरून लिहिलंस, बरं वाटलं. हिरामणने खाली नमस्कार लिहिला आहे, तोही पोचला. अक्षर वळणदार आहे त्याचं. हे मी मोठ्याने म्हटलं. पेपर जरा खाली आला आणि पुन्हा वर गेला.

ह्या उन्हाळ्यात माडी रिकामी राहिली नाही. पहिल्या आल्या ग्रँट रोडच्या खोरशेदबाई. पारशीण, साठीच्या पुढच्या, एकट्या, आणि बरोबर वासराएवढा कुत्रा. त्याचं नाव टायगर आणि तो मांजराला भितो. त्यांच्यामागून रेल्वेतले एक पेन्शनर गार्ड आले, त्यांचा पोपट पहाटे शिट्टी फुंकायचा. मग एक नवराबायको दोन सशांसकट. ह्यांनी नियमांत सशांचं कलम घातलं. संध्याकाळी हे भाडेकरूंना कोट दाखवायला नेतात. पोर्तुगीजांचा इतिहास सांगतात आणि कुत्र्याची साखळी अगदी दोन बोटांत धरतात. मी ओटीवरून बघते. करमणूक होते.

एकच कोडं आहे, की ह्या लोकांना आमचा पत्ता कुठून लागतो. पाटी रेवदंड्यात आणि माणसं परळची, ग्रँट रोडची. हे म्हणतात, चांगल्या गोष्टीची कीर्ती आपोआप पसरते.

गावात मात्र निराळीच कीर्ती पसरली. नागपंचमीला सकाळी दार उघडते तो बाहेरच्या जिन्यापाशी ही गर्दी! बायका दूध, लाह्या, हळदकुंकू घेऊन. भागुबाई पुढे. मला म्हणते, “नीराबाय, अगो लपवतेस काय? घरात जनावर पाळलंस व्हय! पाटीच लावलीय की भावोजींनी. आमी म्हटलं, लांब वारुळाला कशाला जायचं?”

कमळे, मी जिन्यावर बसून पोट धरून हसले. इतक्या वर्षांत ह्यांना सुचलं नाही की आपल्याकडे जनावर म्हणजे साप, ऐकलं की लोक काठी शोधतात. कचेरीतला शब्द कचेरीत. म्हणून तर गावातलं कोणी गेले सहा महिने परसाच्या बाजूने फिरकत नव्हतं! जिन्याच्या खालच्या पायरीवर दूध सांडलं, मुंग्या झाल्या. हे आत जाऊन बसले ते जेवायलाच बाहेर आले.

त्याच संध्याकाळी पाटी उतरवली. पुसली आणि नवीन लिहिली. आता कोणाचा गैरसमज व्हायला जागा नाही. ‘कुत्र्यांसह राहण्याची उत्तम सोय’, असं स्वच्छ लिहिलं आहे. तेव्हा आता काय अडचण राहिली? ह्यांनी स्वतःच्या हाताने पाटीवर लिहिलं आहे. दिवाळीला तुझ्या कुत्र्याला घेऊन खुशाल ये. बाहेरचा जिना आहे, ओटीची पायरी चढायलाही नको. ह्यांचा शब्दही मोडत नाही आणि तुझी सोयही होते.

वाट बघते.

तुझी आई


रेवदंडा, ता. १० डिसेंबर १९५९

चि. सौ. कमळ हीस,

दिवाळी गेली. मी भाऊबिजेपर्यंत माडी कोणाला दिली नाही. एक गृहस्थ सामानासकट फाटकात उभे होते, ह्यांनीच त्यांना ‘माडी गुंतली आहे’ म्हणून परत पाठवलं. कोणाच्या नावाने गुंतली आहे ते त्या गृहस्थांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काल तुझं कार्ड आलं. उघड्या कार्डावर असं लिहितात का? पोस्टमनने वाचलं असेल. ‘कुत्र्यांची सोय केल्याचे वाचले. मागल्या दाराने यायचे तेही समजले. माझ्या नवऱ्याला तेव्हा तोंडाने कुत्रा म्हटले, आता पाटीवर लिहून फाटकाला टांगले. आई, तूसुद्धा?’

मी दोनदा वाचलं तरी मला आधी कळेना. मग माझंच पत्र आठवलं. ‘तुझ्या कुत्र्याला घेऊन ये.’ देवाशप्पथ कमळे, मी भुऱ्याबद्दल लिहिलं होतं. मागचा पाय अधू असलेल्या भुऱ्याबद्दल. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी ओटीसमोर तू काय ऐकलंस हे मला इतक्या दिवसांत कळलं नाही. तू म्हणशील, कळायला हवं होतं. खरं आहे.

कार्ड मी ह्यांच्यासमोर ताटाशेजारी ठेवलं. सुलटं. त्यांनी वाचलं.

“मी कुत्र्यालाच कुत्रा म्हटलं होतं,” म्हणाले.

“मग त्याने माडाला बांधू का म्हणून विचारलं, तेव्हा ‘बांध’ का नाही म्हणालात?”

भात कालवत राहिले.

मी म्हटलं, “कुत्रं माडाला बांधलं असतं तर हिरामणला नको म्हणायला तुमच्याकडे कारण उरलं नसतं. म्हणून.”

“वाक्यात जेवढं आहे तेवढंच धरावं.”

“आणि वाक्यात नाही ते कोणी धरायचं? मिठागरावरच्या घरचा मुलगा, आपल्यातला नाही, हे तोंडाने म्हणायची तुम्हाला लाज वाटली. वाचनालयात भाषणं करता ना, जातपात सोडा म्हणून! मग घरच्या ओटीवर कसं म्हणणार? तेव्हा कुत्र्याच्या नावावर खपवलंत. त्या मुक्या प्राण्याने बिचाऱ्याने काय केलं होतं?”

ताट तसंच ठेवून उठले. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मी ह्यांना इतकं कधी बोलले नव्हते. पुन्हा बोलायला लागलं तर बोलेन.

मी ह्यांच्या वतीने माफी मागणार नाही. दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याचा धंदा त्यांचा, माझा नाही. माझ्यापुरतं सांगते: मला तू हवी आहेस आणि तो मुलगाही हवा आहे. पुढच्या दाराने. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकते आहे, त्यामुळे अनुस्वार चुकलेले असतील ते चुकलेलेच वाच.

तुझी आई


रेवदंडा, ता. १६ फेब्रुवारी १९६०

चि. सौ. कमळ हीस,

तू उत्तर पाठवलं नाहीस तरी मी लिहिते आहे. कारण आता मला जे कळलं आहे ते तुझ्याकडून कळायला हवं होतं.

खोरशेदबाई परत आल्या आहेत, टायगरसकट. काल संध्याकाळी ओटीवर बसून चहा पीत होत्या. हे आरामखुर्चीत. बाई मला म्हणाल्या, “नीराबाई, तुमी आता मुंबई कवा येनार? पोरगीला सातवा लागला ने?”

मी म्हटलं, “कोणाच्या पोरीला?”

“तुमची कमळ! दुसरी कोन?”

मी हातातली बशी खाली ठेवली. मी म्हटलं, तुम्ही माझ्या कमळला कशा ओळखता? तर बाईंनी जीभ चावली. मग म्हणाल्या, आता बोललीच आहे तर सगळं बोलते. “अरे, तुमचा जमाईच तर मला इते पाठवते! त्याने कसम दिली होती, बाई, घरी माझा नाव काढू नको. माझा टायगरच्या कानाला त्याच्याशिवाय कोन हात लावू शकत नाय. तो पोपटवाला, तो ससावाला, समदे त्याचेच. दवाखान्यात जो येते त्याला सांगते, हवा पाहिजे तर रेवदंड्याला जा. माझा सासऱ्याचा घर हाय. तिकडे कुत्र्याला कोन हाकलत नाय.”

माझ्या मनात काय आलं ते सांगते. आधी राग आला, तुझा. पहिलं बाळंतपण. माहेर इथे हाकेवर, समुद्राच्या पलीकडे. आणि आईला कळावं ते चहा पिताना, परक्या बाईकडून. मग रडू आलं, ते मी आत जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा बाई कुत्र्याला घेऊन समुद्रावर गेल्या होत्या.

हे आरामखुर्चीत नव्हते. परसात बाहेरच्या जिन्यावर, मधल्या पायरीवर बसले होते. मी जवळ गेले. म्हणाले, “सासऱ्याचं घर म्हणतो.” एवढंच. मग पुन्हा म्हणाले, “आणि मी कीर्ती म्हणत होतो.”

आज सकाळी पाटी फाटकावर नव्हती. विहिरीमागे पालथी पडली आहे. लाकूड चांगलं आहे, न्हाणीघरात पाय द्यायला होईल.

कमळ, मी तुला ये म्हणून लिहीत नाही. ह्या दारात तुझा अपमान झाला आणि तो अजून निस्तरलेला नाही, हे मला कळतं. तू नाही आलीस तर मी तिकडे येईन. भाऊच्या धक्क्यावर उतरून कुठली ट्राम धरायची तेवढं हिरामणला लिहायला सांग. पण तुझं बाळ ह्या घरात रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते खरं आहे म्हणून लिहिलं.

डिंक आणि अळीव खोरशेदबाईंबरोबर पाठवते आहे. लाँचने प्रवास करायचाच झाला तर सकाळचा कर, दुपारून वारा सुटतो.

तुझी आई


रेवदंडा, ता. ८ मार्च १९६०

चि. सौ. कमळ हीस अनेक आशीर्वाद.

हिरामणचं पत्र मिळालं. ट्रामचा रस्ता त्याने चित्र काढून दाखवला आहे, आंधळासुद्धा पोचेल. तुझी तब्येत बरी आहे हे वाचून जीव खाली पडला. पण इथे जे चाललं आहे ते आधी वाच आणि मग कोणी कुठे जायचं ते ठरव.

रविवारी सकाळी धप्प धप्प आवाज आला म्हणून बाहेर आले तर हे आणि काळूराम पहार घेऊन ओटीची पायरी उखडत होते. मी म्हटलं, “वेड लागलं का?” तर म्हणाले, “पायरी खचली आहे.” कमळे, त्या पायरीवर मी लग्नाचं माप ओलांडायला चढले. ह्या घरात काही न खचलेलं असेल तर तेवढा एक दगड. काळूरामने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

दगड निघाला आणि उलटला. खालच्या बाजूला कोरीव अक्षरं! आपली नव्हेत, फिरंग्यांची. एक क्रूस, त्याखाली दोन ओळी झिजलेल्या. तुझ्या पणज्याने कोटातल्या पडक्या भिंतीतून आणून पालथा घातला असणार. इतकी वर्षं सगळं घर कोणा फिरंग्याच्या नावावर पाय देऊन आत-बाहेर करत होतं.

आणि ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! हात झटकत म्हणाले, “म्हणजे ही ह्या घराची पायरी नव्हेच. कोटाची आहे. तेव्हा ‘ह्या घराची पायरी चढायची नाही’ ही अट मुळात लागूच होत नव्हती.”

काळूरामला खूप मोठी युक्ती ऐकल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, “व्हय की!”

मी मात्र तापले. मी म्हटलं, “पुरे झाली तुमची वकिली. आधी जिना काढलात, मग पाटी लिहिलीत, आता दगडावर ढकलताय. सव्वा वर्ष फटी शोधता आहात. पोरगी फटीतून यायची नाही. तिला दार हवं. तुम्ही चुकलात एवढं म्हणायला तुमच्या जिभेला काय झालंय?”

ते उभे राहिले. पहार हातात, धोतराला माती. मला वाटलं आत जातील. पण म्हणाले, “मला ते म्हणता येत नाही, नीरा.” काळूरामसमोर मला नावाने हाक मारली. मग हळू म्हणाले, “लिहिता येईल.”

दुपारी काळूराम दगड परत बसवायला आला, तर त्याला हात लावू दिला नाही. “राहू दे,” म्हणाले. “पायरी जावयाने बसवायची असते.” अशी काही रीत आपल्यात नाही. माझ्या माहेरीही नव्हती, सासरीही नाही. ती त्यांनी रविवारी दुपारी काढली. मी विचारलं, “कोणी सांगितलं?” तर मला म्हणतात, “आता सांगतो आहे ना.”

तेव्हा सध्या ओटीला पायरी नाही. येणाऱ्याने गुडघाभर उंच पाय टाकायचा. मी त्या जुन्या पाटीवर पाय देऊन चढते. भागुबाई ओटीवर येईना, फाटकातूनच बोलते. पोस्टमन पत्रं खिडकीतून फेकतो. दगड माडाखाली उताणा पडला आहे, फिरंग्याचं नाव आभाळाकडे करून. तुला ह्या दिवसांत एवढ्या उंच चढायचं नाही. आधी पायरी बसू दे, मग तू चढ. भाकरतुकडा मी ताजा करीन.

बाहेरच्या जिन्याचं काय करायचं विचारलं. म्हणाले, राहू दे, भुऱ्याला दुपारचं माडीवर वारं बरं लागेल.

लाँच सकाळची धर. रेवसला हे स्वतः येणार आहेत. एस. टी.त कुत्रं घेत नाहीत म्हणून टांगा सांगून ठेवला आहे. पायरी बसवायला हिरामणला बरोबर आण.

तुझी आई

ता. क. – वरच्या ओळीत हिरामणचं नाव खोडलं आहे ते मी नाही. मी पाकिटाला खळ लावायला आत गेले होते. आले तर लाल शाईने एक सरळ रेघ आणि वर त्या मोत्यासारख्या अक्षरात ‘जावईबापूंना’. ह्या वेळी अनुस्वारांना हात लावलेला नाही. तेवढी एकच खाडाखोड आहे. आणि कमळे, शेजारी नीट बघ. सही आहे. पूर्ण नावाची, तारखेसकट.